पंडिता रमाबाई आणि शुद्ध भाषा

काल्हेर येथील मंडळीत एका रविवारी आमच्या हातून एक चूक घडली. ती प्रथम सांगणे आम्हांस भाग आहे. त्या दिवशी शास्त्रवाचनासाठी एक भगिनी उभ्या होत्या. खाडीकाठच्या आगरी घरात त्या वाढलेल्या. अक्षरओळख झाली तीही प्रौढपणी, मंडळीच्या वर्गात. वाचताना त्यांनी पाण्यास पानी म्हटले, डोळ्यास डोला म्हटले, आणि आम्ही सर्वांदेखत तीन वेळा त्यांचा उच्चार सुधारला. त्यानंतर कित्येक रविवार त्या वाचावयास उभ्या राहिल्या नाहीत. पुढे तेथील प्रचारकांनी आम्हांस पत्र लिहून विचारले की, ज्याचे शुद्धलेखन कच्चे त्याचा विश्वासही कच्चा असतो काय? मंडळीतील एक वडील याच्या अगदी उलट बोलतात, हेही त्यांनी कळविले. पवित्र आत्म्याचे दान मिळाल्यावर ऱ्हस्वदीर्घाची उठाठेव कशाला, असे त्या वडिलांचे म्हणणे. आपल्या महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजात व्याकरणाचे ज्ञान आणि प्रभूवरील विश्वास हे दोन्ही ज्यांच्यापाशी विपुल होते, अशा एका बाईंचे चरित्र या दोन्ही पक्षांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

पंडिता रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ या अरण्यप्रदेशात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा निर्बंध असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि त्याबद्दल जातभाईंचा रोष पत्करून रानात आश्रम थाटला. रमाबाईंस विद्या मिळाली ती मुख्यत्वे आईकडून. लहानपणीच भागवताचे हजारो श्लोक त्यांच्या मुखी बसले. व्याकरण आणि कोश यांचाही बराच भाग पाठ झाला. मात्र वेदाचे दार अनंतशास्त्र्यांनीही मुलीस उघडले नाही. तेवढी एक मर्यादा त्यांनी पाळली.

येथे आमच्या तरुण वाचकांस थोडे समजावून सांगितले पाहिजे. मंत्राचा एक स्वर चुकला तरी मंत्र फुकट जातो, किंवा उलटतो, अशी प्राचीन वैदिक समजूत होती. त्वष्ट्याने इंद्रास मारणारा पुत्र मागितला, पण उच्चारात स्वर चुकल्यामुळे तो पुत्र इंद्राच्याच हातून मेला, ही कथा व्याकरण शिकणाऱ्यांस मुद्दाम सांगत असत. अशा विचारात वाढलेल्या मनुष्यास शुद्ध उच्चार हा धर्माचाच भाग वाटणार, यात नवल नाही. आपल्या शास्त्रातही उच्चारापायी घडलेल्या अनर्थाची एक गोष्ट आहे. शास्त्यांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात शिब्बोलेथ हा शब्द ज्यांस नीट म्हणता आला नाही, त्या एफ्राईमी लोकांस गिलादी लोकांनी यार्देनेच्या उतारावर कापून काढले. त्या प्रसंगी पडलेल्यांची संख्या 42 हजार दिली आहे. ती गोष्ट आम्ही अनेकदा शिकविली. काल्हेरच्या त्या रविवारी मात्र ती आम्हांस आठवली नाही.

असो. डोंगरे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. पुढे दुष्काळ आला. जवळचे द्रव्य दानधर्मात सरले होते, आणि अंगमेहनतीचे काम करणे किंवा हात पसरणे या पुराणिकाच्या घरात कोणी शिकले नव्हते. पाठ चालू राहिले, उपवास चालू राहिले, एकही अक्षर न चुकता स्तोत्रे म्हटली गेली, आणि पोटात अन्न नव्हते. 1874 मध्ये वडील गेले. त्यांच्यामागून आई व थोरली बहीणही गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले आणि पायी देश तुडवीत 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचले.

त्या वेळी रमाबाई वीस वर्षांच्या होत्या. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा पाहिली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या त्यांस दिल्या. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाचा ग्रंथ ठेवला. स्त्रियांच्या कर्तव्यावर व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रे वाचावयास घेतली, तेव्हा इतर सर्व बाबतींत परस्परांशी भांडणारे हे ग्रंथ एका गोष्टीत एकमत आहेत असे त्यांस आढळले. स्त्री व शूद्र यांच्याविषयी त्या साऱ्यांचे मत सारखेच हीन होते. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. त्या वेळी व्याकरणाचे जितके ज्ञान माणसास असू शकते तितके या बाईंपाशी होते, आणि त्यांचा जुना विश्वास तर ढासळत चालला होता. ग्रंथ नीट वाचता आले म्हणूनच त्यांतील विसंगती त्यांस दिसली, असे आमचे मत आहे.

1880 मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीचा भेद बाजूस ठेवून, विवाह केला. आसामात सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांस लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली. ती वाचण्यास पाणिनीची गरज नव्हती. 1882 मध्ये पतीस पटकीने नेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती. रमाबाई पुण्यास आल्या, तेथे आर्य महिला समाज स्थापला, आणि 1883 मध्ये विलायतेस गेल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. नंतर चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत.

तरीही त्यांचा शोध संपला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत कबूल केले आहे. मतांची मांडणी बरोबर, शब्द बरोबर, वाद घालण्यास त्या कोणास हार जाणाऱ्या नव्हत्या. आणि आत मात्र पोकळी. ती भरली 1891 च्या सुमारास. प्रभूवर आपला सर्व भार टाकावयाचा असतो, ही गोष्ट या विदुषीस अक्षरशत्रू मनुष्याप्रमाणेच शिकावी लागली.

शारदा सदन त्यांनी 1889 मध्ये मुंबईत उघडले व पुढे पुण्यास नेले. 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व बायका आणल्या, आणि केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या बायका गावोगावच्या. प्रत्येकीची बोली निराळी, आणि बहुतेकींस मुळाक्षरही ठाऊक नाही. त्यांस वाचावयास शिकविले. शिकल्यावर त्यांच्या हाती पवित्र शास्त्र दिले, तेव्हा रमाबाईंच्या ध्यानात आले की, त्यांतील पुष्कळ शब्द या बायकांस उमगत नाहीत. प्रचलित भाषांतरात संस्कृत शब्द फार होते, आणि त्यांतील कित्येकांस जुन्या धर्ममतांचा वास येत होता.

संस्कृत शब्द अडचणीचा असे म्हणणारी ही बाई कोण, तर सरस्वती पदवी मिळविलेली पंडिता. साधे मराठी लिहावे असे दुसऱ्या कोणी म्हटले असते, तर ते त्याच्या अज्ञानाचे लक्षण ठरते. रमाबाईंनी मूळ भाषांतूनच भाषांतर करावयाचे ठरविले, आणि त्यासाठी पन्नाशीकडे झुकलेल्या वयात इब्री व ग्रीक यांचा अभ्यास आरंभिला. आमच्या त्या वडिलांनी हे नीट ध्यानात घ्यावे. केडगावास 1905 मध्ये जे मोठे संजीवन झाले ते सर्वांस ठाऊक आहे. त्या संजीवनाच्या मध्यभागी असलेली ही बाई इब्री क्रियापदांची रूपे पाठ करीत होती.

हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. खिळे जुळविणे, मुद्रिते काढणे, पाने दुमडणे, सारे काम तेथील स्त्रियांनी केले. म्हणजे काही वर्षांपूर्वी ज्यांस अ आणि आ यांतला भेद कळत नव्हता, त्या आता काना, मात्रा, वेलांटी हाताने निवडून ओळीत बसवीत होत्या. त्यांची चूक झाली असता दुरुस्त करावयास रमाबाई बसत, आणि चूक राहू देत नसत.

या भाषांतराविषयी आम्ही आमचे मत लपवीत नाही. मुळातील शब्दास चिकटून राहण्याच्या आग्रहामुळे त्यातील काही वाक्ये अवघड झाली आहेत. मंडळ्यांमध्ये ते सर्वत्र रूढ झाले नाही. बायबल सोसायटीचेच भाषांतर चालत राहिले. पण एवढी विद्या मिळविलेल्या व्यक्तीने ती सारी अडाणी बाईच्या कानासाठी खर्च केली, असे दुसरे उदाहरण आम्हांस आपल्या भाषेत आठवत नाही.

शुद्धाचेही काही कायम नसते. आमच्या आजोबांच्या पवित्र शास्त्रात शब्दाशब्दावर अनुस्वार आहेत. उच्चारात नसलेले ते टिंब जो विसरे तो अशिक्षित ठरे. 1962 मध्ये साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते गेले, आणि आता जो ते टिंब देईल त्याचेच लेखन अशुद्ध ठरते. पेत्र गालीली होता हे महायाजकाच्या वाड्यातील लोकांनी त्याच्या बोलीवरून ओळखले. लूकाचे ग्रीक सुरेख आहे आणि प्रकटीकरणाचे ग्रीक जागोजाग नियम मोडते. दोन्ही एकाच शास्त्रात बांधली आहेत.

1921 मध्ये मनोरमा वारली. एकुलती कन्या, आईच्या कामाचा उजवा हात. रमाबाईंची श्रवणशक्ती मंदावली होती, प्रकृती खालावली होती. तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. अखेरची पाने तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली, असे सांगतात. ते काम हातावेगळे झाले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूजवळ गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला.

काल्हेरच्या प्रचारकांनी आपली नोंदवही पाठविली, ती पोहोचली. तीत नऊ ठिकाणी दुरुस्ती करून ती परत धाडली आहे; बाप्तिस्म्याच्या नोंदीत नावे चुकली तर पुढे मुलांस त्रास होतो, म्हणून ती तेवढी पाहून लिहावी. त्या भगिनींच्या घरी आम्ही जाऊन आलो आणि त्यांची क्षमा मागितली. येत्या रविवारी योहानाच्या चौथ्या अध्यायाचे, विहिरीवरील शोमरोनी बाईचे, वाचन त्या करणार आहेत. त्यांत पाणी हा शब्द पुष्कळ वेळा येतो. आम्ही मागच्या बाकावर बसणार आहोत.