विश्वनाथ काशिनाथ राजवाडे

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३ – ३१ डिसेंबर १९२६) हे मराठी इतिहाससंशोधक, भाषाशास्त्रज्ञ व लेखक होते. ते इतिहासाचार्य या उपाधीने ओळखले जातात. ज्ञानाच्या ओढीने त्यांनी शिक्षकाचा पेशा सोडला व उर्वरित आयुष्य संशोधनाला वाहिले.

शिक्षण आणि पेशाचा त्याग

राजवाडे यांचा जन्म सध्याच्या रायगड जिल्ह्यातील वरसई येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली. परीक्षेच्या अभ्यासापेक्षा स्वतः निवडलेल्या ग्रंथांच्या वाचनाकडे त्यांचा कल विद्यार्थिदशेपासूनच होता. नोकरी सोडून त्यांनी 'भाषांतर' हे मासिक चालविले. जगातील श्रेष्ठ ग्रंथ मराठीत आणणे हा त्याचा उद्देश होता. तरुणपणीच पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

संशोधनकार्य

जुन्या घराण्यांच्या दप्तरांतील मोडी कागद वाळवी, ओल व रद्दीच्या व्यवहारामुळे नष्ट होत होते. ते वाचविण्यासाठी राजवाडे गावोगाव हिंडले. कागद मिळविणे, मोडी वाचणे, नकला करणे आणि कालनिर्णय ठरविणे ही कामे ते बहुधा स्वतःच करीत. नियमित वेतन नसल्याने त्यांचे राहणीमान अत्यंत साधे होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पानिपतच्या १७६१ मधील लढाईपूर्वीच्या काळातील पत्रव्यवहार आहे. या मालेचे एकूण २२ खंड निघाले. इंग्रजीवर प्रभुत्व असूनही त्यांनी आपले संशोधन मराठीतच मांडले.

१९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तिचे ते प्रमुख प्रेरक होते. ज्ञानेश्वरी, 'राधामाधवविलासचंपू' व 'महिकावतीची बखर' यांची संपादने तसेच 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' हे त्यांचे उल्लेखनीय कार्य होय. त्यांच्या काही व्युत्पत्ती व जातिविषयक अनुमाने पुढील अभ्यासकांनी ग्राह्य मानली नाहीत. मूळ कागदावर आधारलेल्या इतिहासलेखनाचा त्यांचा आग्रह मात्र टिकून राहिला.

खानदेशाशी संबंध

आयुष्याच्या अखेरच्या काळात राजवाडे धुळे येथे होते व तेथेच त्यांचे निधन झाले. धुळ्याच्या उत्तरेस सोनगीर व दक्षिणेस लळिंग हे किल्ले आग्रा मार्गालगत आहेत. अशा ठिकाणांचा इतिहास लिहिताना वास्तूंइतकेच कागदही महत्त्वाचे ठरतात. राजवाड्यांनी जमविलेली कागदपत्रे व टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर विखुरली जाऊ नयेत, यासाठी १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. भास्कर वामन भट यांचा त्यात पुढाकार होता. या संस्थेच्या दप्तरखान्यामुळे राजवाड्यांचा संग्रह पुढील अभ्यासकांना उपलब्ध झाला.