जुन्या पद्मिनीला बाहेरचा पार्ट बसत का नाही? उत्तर वालचंद हिराचंद यांच्या गोष्टीत सापडतं

पुण्यात जुनी प्रीमियर पद्मिनी शोधून ती नव्यासारखी करून घेणारे हौशी लोक आजही आहेत. पत्रा होतो, रंग होतो, सीट शिवून होतात. मग मालकाला वाटतं, गाडी दिसते भारी, आता पळाली पण पाहिजे. मग आणले जातात अलॉय व्हील, पुढचे डिस्क ब्रेक, मोठा कार्बोरेटर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर.

आणि इथंच घोडं अडतं. अलॉय मडगार्डला घासतं. कार्बोरेटरची भोकं मॅनिफोल्डच्या स्टडवर येत नाहीत. नाना पेठेत फिरून आणलेला पार्ट दोन मिलिमीटरने कमी पडतो. मग मिस्त्री कानस घेतो, नाहीतर थेट ग्राइंडर.

आता विषय असाय, की सुटे भाग कुणी, कुठे आणि कुठल्या मापाने बनवायचे यावर भारतात एक मोठी लढाई झाली होती. ती लढणारा माणूस म्हणजे वालचंद हिराचंद दोशी.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. शिक्षणासाठी ते मुंबईला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये आले, पण शिक्षण अर्धवट सोडून धंद्यात उतरले. घरच्या पेढीवर मन रमेना. तेव्हा रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मण बळवंत फाटक यांच्यासोबत त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. सावकाराचा पोरगा ठेकेदार झाला. पुढे भोर घाटातले रेल्वेचे बोगदेही त्यांच्या कंपनीने फोडले.

१९१९ मध्ये ते जहाजाच्या धंद्यात आले. ग्वाल्हेरच्या महाराजांकडची 'लॉयल्टी' ही बोट घेतली आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ ला ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. म्हणूनच ५ एप्रिल हा आज राष्ट्रीय सागरी दिन असतो. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना बुडवायचा प्रयत्न केला, पण सिंधिया टिकली. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं.

एवढं असूनही एक गोष्ट त्यांना खटकत होती. देशात गाड्या विकल्या जात होत्या, पण बनत नव्हत्या.

जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या तयार करत होती, म्हणजे खोक्यातून आलेले पार्ट इथे जोडत होती. पार्ट परदेशचा, नकाशा परदेशचा, आपल्याकडे फक्त पाना. याच काळात सर विश्वेश्वरय्या भारतात मोटार कारखाना व्हावा म्हणून योजना मांडत होते. वालचंद यांनी ती उचलली. आधी फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. मग क्रायस्लरशी जमवलं. पण दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि इंग्रज सरकारला हा कारखाना युद्धासाठी गरजेचा वाटत नव्हता. परवानगी लटकली.

थांबतील ते वालचंद कसले. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन बंगळुरात विमानांचा कारखाना काढला. त्याचंच पुढे एचएएल झालं. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला. आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कारखाना कुर्ल्याला. १९४७ च्या सुमारास तिथून डॉज, डिसोटो, प्लिमथ अशा गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात इथेही जोडणीनेच झाली, पण बेत एकेक पार्ट इथेच बनवायचा होता.

हे अवघड का होतं? कारण पार्ट बनवणं वेगळं आणि तो बसणं वेगळं. १९०८ मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्स इथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण खोलल्या गेल्या. पार्ट एकमेकांत मिसळले, काही बाजूला काढून त्या जागी नवे घातले आणि साध्या हत्यारांनी तीन गाड्या परत उभ्या केल्या. त्या ५०० मैल पळाल्या. कॅडिलॅकला यासाठी डेवर ट्रॉफी मिळाली. कुठेही कानस न लावता पार्ट बसणं ही तेव्हा बातमी होती. त्यासाठी नकाशा, त्यात मापाची सूट किती ते लिहिलेलं आणि प्रत्येक नग मोजणारा माणूस लागतो.

१९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघात झाला आणि त्यांनी कारभार सोडला. ८ एप्रिल १९५३ ला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने सांगितलं, की देशात पार्ट बनवायचा कार्यक्रम असेल त्यांनीच गाड्या बनवाव्यात. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. ज्यासाठी ते झगडले ते धोरण आलं, पण बघायला ते नव्हते.

१९५४ पासून प्रीमियरने फियाट ११०० बनवली. तीच गाडी १९७० च्या दशकात पद्मिनी झाली आणि २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली.

आता येऊ पार्टवर. एवढ्या वर्षांत या गाडीत बदल होत गेले. त्यामुळे कुठल्या सालची गाडी हे माहीत नसेल तर पद्मिनीचा पार्टही पद्मिनीला बसत नाही. त्यात कंपनीचा पार्ट मिळणं बंद झालं. बाहेरचा कारागीर बऱ्याचदा नकाशावरून नाही, तर जुना झिजलेला पार्ट मोजून नवा बनवतो. म्हणजे झीजसुद्धा कॉपी होते. परफॉर्मन्स पार्ट तर मुळात दुसऱ्याच गाडीसाठी आखलेला असतो.

दोन गाड्यांचं लग्न लागतच नाही असं नाही. प्रीमियरनेच १९८५ मध्ये ११८ एनई आणली, बॉडी फियाटची आणि इंजिन निसानचं. पण ते कंपनीने आखून, मोजून केलेलं काम होतं.

म्हणून पैसे देण्याआधी गाडीचं साल बघा. व्हीलचा पीसीडी आणि ऑफसेट मोजा. डिस्क ब्रेक घालत असाल तर मास्टर सिलिंडर तपासा. बऱ्याच जुन्या ड्रम ब्रेकच्या सिलिंडरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्क चिकटून तापते. कार्बोरेटर घासून बसवला आणि नाही चालला तर पैसे जातात, ब्रेकच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही.