एड रॉथ

एडवर्ड रॉथ ऊर्फ बिग डॅडी रॉथ (४ मार्च, १९३२ : बेव्हर्ली हिल्स, कॅलिफोर्निया, अमेरिका - ४ एप्रिल, २००१ : मँटाय, युटा, अमेरिका) हे अमेरिकन व्यंगचित्रकार आणि हॉट रॉड गाड्यांचे रचनाकार होते. जुन्या मोटारीचे अनावश्यक भाग उतरवून आणि तिला अधिक शक्तिशाली इंजिन बसवून तयार केलेल्या गाडीस हॉट रॉड म्हणतात. रॉथ यांच्या गाड्या प्रदर्शनांतून गाजल्या, परंतु त्या घरोघरी पोचल्या त्या रेव्हेल कंपनीच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती-संचांमुळे. हॉट रॉडच्या प्रतिकृती बांधणाऱ्यांमध्ये पारंपरिक शैली श्रेष्ठ की आधुनिक, हा जुना वाद आहे. त्यात रॉथ यांचा दाखला दोन्ही पक्ष देतात.

पूर्वायुष्य

रॉथ हे जर्मन वंशाच्या कुटुंबातील होते. त्यांचे बालपण लॉस एंजेलसजवळील बेल येथे गेले. शाळेत त्यांना चित्रकला आणि मोटारदुरुस्ती या दोनच विषयांत विशेष रस होता. किशोरवयातच त्यांनी १९३३ सालची फोर्ड कूपे विकत घेतली. १९५१ ते १९५५ या काळात ते हवाई दलात होते. तेथून परतल्यावर त्यांनी एका मोठ्या दुकानाच्या सजावट विभागात नोकरी धरली. पाच मुलांच्या संसाराला तो पगार अपुरा पडे. म्हणून ते फावल्या वेळात गाड्यांच्या पत्र्यावर हाताने बारीक रंगरेषा ओढण्याचे काम करू लागले. या कलेला पिनस्ट्रायपिंग म्हणतात. प्रदर्शनांत बसून एअरब्रशने टी-शर्टांवर विचित्र राक्षसांची चित्रे काढून देण्याचा त्यांचा व्यवसायही याच सुमारास सुरू झाला. बटबटीत डोळ्यांचा हिरवा उंदीर रॅट फिंक हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पात्र होय.

गाड्या

तोपर्यंतच्या हॉट रॉडची रीत ठरलेली होती. १९२० किंवा १९३० च्या दशकातील फोर्डचा पोलादी सांगाडा घ्यायचा, मडगार्ड काढायचे, छप्पर कापून बुटके करायचे आणि व्ही-८ इंजिन उघडे ठेवायचे. रॉथ यांनी १९५९ मध्ये पूर्ण केलेल्या आउटलॉ या गाडीचा बाज जुन्या टी मॉडेल फोर्डचाच होता, पण तिचा सांगाडा कोणत्याही फोर्डचा नव्हता. तो त्यांनी प्लास्टरच्या साच्यावर फायबरग्लासमध्ये घडवला होता. पत्रा ठोकण्याचे कौशल्य वा महागडी यंत्रसामग्री नसलेला माणूसही मनातील आकार प्रत्यक्षात आणू शकतो, हे या गाडीने दाखवून दिले. रॉथ यांचे खरे कार्य बहुधा हेच म्हणावे लागेल.

पुढील बीटनिक बँडिट (१९६१) या गाडीत परंपरेचा धागा बराच विरळ झाला. ओल्डस्मोबिलची चासी कापून आखूड केलेल्या या गाडीला पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमट होता आणि सुकाणूचक्राऐवजी एकच दांडा होता. १९६३ च्या मिस्टेरियनला दोन फोर्ड इंजिने होती. ऑर्बिट्रॉनमध्ये (१९६४) मात्र त्यांनी क्रोमचा मुलामा दिलेले इंजिन झाकणाखाली दडवले आणि प्रेक्षकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. रॉथ स्वतः ही आपली चूक मानत. शैली कितीही आधुनिक झाली तरी उघडे इंजिन हा हॉट रॉडचा प्राण आहे, असे मानणारे आजही ऑर्बिट्रॉनकडे बोट दाखवतात.

प्रतिकृती-संच

रेव्हेलने १९६२ मध्ये आउटलॉचा संच बाजारात आणला. बिग डॅडी हे नावही याच कंपनीच्या प्रसिद्धी विभागाची देणगी आहे. प्रत्येक संचामागे रॉथ यांना एक सेंट मिळे. तरीही १९६३ या एका वर्षात त्यांना ३२,००० डॉलर मिळाले, म्हणजे हिशेबाने सुमारे ३२ लाख संच खपले. या मालिकेत बीटनिक बँडिट आणि मिस्टेरियन होत्या, तशीच ट्वीडी पाय ही जुन्या वळणाची टी मॉडेल गाडीही होती. ती मुळात रॉथ यांनी बांधलेली नव्हती, त्यांनी ती विकत घेतली होती. त्यामुळे खेळण्यांच्या दुकानात एकाच कलाकाराच्या नावावर दोन्ही शैली शेजारी शेजारी दिसत.

पारंपरिक शैलीचे प्रतिकृतीकार साधारणपणे १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिळू शकणारेच भाग प्रतिकृतीत वापरतात. आधुनिक शैलीत ॲल्युमिनियमची मोठी चाके, बसके टायर आणि सांधे व मुठी बुजवून गुळगुळीत केलेला एकरंगी सांगाडा असतो. पूर्ण आकाराच्या गाड्यांत ही शैली पुढे बॉइड कॉडिंग्टन यांनी रूढ केली. कालमर्यादेच्या कसोटीवर बीटनिक बँडिट पारंपरिक ठरते, रूपाच्या कसोटीवर मुळीच नाही.

उत्तरायुष्य

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉथ मोटरसायकलींकडे वळले. मोटरसायकल टोळ्यांतील लोकांशी त्यांची ऊठबस वाढली आणि रेव्हेलने त्यांच्याशी संबंध तोडले. १९७० च्या सुमारास त्यांनी स्टुडिओ बंद करून बहुतेक गाड्या विकून टाकल्या. त्यानंतर काही वर्षे ते नॉट्स बेरी फार्म या उद्यानात फलक रंगवत होते. १९७४ मध्ये त्यांनी मॉर्मन पंथ स्वीकारला. पुढे ते युटामधील मँटाय येथे स्थायिक झाले आणि तेथेच त्यांचे निधन झाले.

बीटनिक बँडिट आज नेवाडातील रीनो येथील राष्ट्रीय मोटार संग्रहालयात आहे. ऑर्बिट्रॉन २००७ मध्ये मेक्सिकोत मोडकळीस आलेल्या अवस्थेत सापडली. मूळ मिस्टेरियन नष्ट झाली. तिची पूर्णाकृती पुन्हा बांधणाऱ्यांना जुनी छायाचित्रे आणि रेव्हेलचा प्लॅस्टिकचा संच यांवरच भिस्त ठेवावी लागली.