बे चोक आठ, पण हाताने

'ज्युनिअर केजी', 'सीनिअर केजी' हे शब्द आता गावोगावी रुळले आहेत. त्यातला 'के' किंडरगार्टनचा. हा जर्मन शब्द, अर्थ मुलांची बाग. तो रूढ केला फ्रेडरिक फ्रोबेल यांनी.

फ्रोबेल यांचा जन्म 21 एप्रिल 1782 रोजी जर्मनीतल्या थुरिंगिया भागात झाला. ते नऊ महिन्यांचे असतानाच आई वारली. वडील धर्मोपदेशक, सदा कामात. पोर एकटंच वाढलं. पुढे वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारी, काही काळ येना विद्यापीठ, मग फ्रँकफर्टला शिक्षकी. नंतर बर्लिनच्या खनिज संग्रहालयात स्फटिकांची देखभाल करताना त्यांना आकारांच्या नेमकेपणाची भूल पडली.

1837 मध्ये ब्लँकनबुर्गला त्यांनी लहान मुलांसाठी खेळणी तयार करायला घेतली. त्यांना ते 'भेटी' म्हणत. तिसरी भेट म्हणजे लाकडी पेटीत बसणारा एक मोठा ठोकळा, सारख्या आठ लहान ठोकळ्यांचा. मुलांनी त्याची खुर्ची करायची, जिना करायचा, घर करायचं. त्या घरात कोण राहतं, जिना कुठे जातो, हेही मुलांनीच रचायचं. नियम एवढाच की आठही ठोकळे वापरायचे आणि आधीची रचना न मोडता, ठोकळे सरकवत त्यातूनच पुढची करायची. मग त्याच आठांची नक्षी. शेवटी तेच ठोकळे निम्मे, पाव, अष्टमांश असे वाटून पाहायचे. बे चोक आठ पाठ होण्याआधी हाताला कळलेलं असे. आधी गोष्ट, मग गणित हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. (फ्रोबेल यांचं लेखन मात्र गूढ आणि किचकट आहे. माणूस समजतो तो ठोकळ्यांतूनच.)

चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठपैकी काही हाडं त्यात दिसतही नाहीत, ती अजून कूर्चेचीच असतात. त्या हाताला ठोकळा सहज पेलतो, पानभर आकडे गिरवणं जड जातं. शंभरपर्यंत लिहीत नाही म्हणून केजीतलं मूल आमच्या ओपीडीत आणलं जातं. त्याला चार बिस्किटं दोन बाहुल्यांत वाटायला सांगावं, बहुतेक वेळा ते बिनचूक वाटतं. पालकांना तेव्हा जरा हायसं वाटतं.

1840 मध्ये फ्रोबेल यांनी आपल्या संस्थेला किंडरगार्टन हे नाव दिलं. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने मात्र या बालशाळांवर बंदी घातली, नास्तिकपणा आणि समाजवाद पसरवत असल्याच्या संशयावरून. त्यात पुतण्या कार्ल फ्रोबेलच्या विचारांची गल्लतही झाली होती. खुलासे करून उपयोग झाला नाही. 21 जून 1852 रोजी, सत्तराव्या वर्षी, फ्रोबेल वारले. बंदी उठली 1860 मध्ये. श्वाइना गावी त्यांच्या थडग्यावर दगडाचे तीन आकार एकावर एक रचले आहेत: खाली घन, मध्ये दंडगोल, वर चेंडू.