समुद्रातून गोडे पाणी काढणारे डॉ. लिंड

मे १७४७. ब्रिटिश आरमाराच्या ‘सॅलिसबरी’ या युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाच्या तीस वर्षांच्या सर्जनने स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले. सगळ्यांची लक्षणे जवळपास सारखी होती: हिरड्या सडलेल्या, अंगावर डाग, गुडघ्यांत त्राण नाही. सर्वांना एकाच जागी ठेवून, एकच जेवण देऊन त्यांनी दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सायडर दिले, दुसरीला पातळ केलेले गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर. चौथीला लसूण-मोहरी वगैरेंचे चाटण आणि पाचवीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहाव्या जोडीच्या वाट्याला आले समुद्राचे पाणी, रोज सुमारे पाव लिटर.

संत्री-लिंबे सहा दिवसांत संपली. पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक कामावर परतला आणि दुसरा इतर रुग्णांची शुश्रूषा करू लागला. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत लिंड यांचे नाव या प्रयोगामुळे आहे आणि ते योग्यच आहे. पण समुद्राचे पाणी पिणाऱ्या त्या दोन खलाशांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. खारे पाणी हे त्या काळी औषध मानले जाई, म्हणून ते यादीत होते. त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढे त्याच पाण्याने लिंड यांच्या आयुष्यातली बरीच वर्षे घेतली.

लिंड यांचा जन्म १७१६ साली एडिंबरोच्या व्यापारी कुटुंबात झाला. पंधराव्या वर्षी ते एका सर्जनच्या हाताखाली शिकू लागले आणि १७३९मध्ये सर्जनचे मदतनीस म्हणून आरमारात शिरले. भूमध्य समुद्र, पश्चिम आफ्रिकेचा किनारा आणि वेस्ट इंडीज येथे त्यांची सेवा झाली. जहाजावरचे पिण्याचे पाणी लाकडी पिंपांत असे. काही आठवड्यांत ते हिरवट होई, त्याला वास सुटे. ते संपले की भोवती अथांग पाणी असूनही माणसे तहानेने तडफडत.

असे का होते, ते मूत्रपिंडाच्या हिशोबावरून कळते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे एवढी दाट लघवी तयार करूच शकत नाहीत. एक लिटर समुद्राचे पाणी प्यायल्यावर त्यातले मीठ बाहेर टाकायला दीड लिटरहून जास्त लघवी लागते. वरचे पाणी शरीर स्वतःच्या पेशींतून काढते. म्हणजे माणूस जितके पितो, तितका सुकत जातो. हे गणित लिंड यांच्या काळी कुणाला ठाऊक नव्हते, परिणाम मात्र प्रत्येक खलाशाने पाहिला होता.

१७४८मध्ये आरमार सोडून लिंड यांनी एडिंबरो विद्यापीठाची एमडी घेतली. १७५३मध्ये स्कर्व्हीवरचा ग्रंथ लिहिला आणि १७५८मध्ये ते पोर्ट्समथजवळच्या हासलर येथील नव्या आरमारी रुग्णालयाचे मुख्य वैद्य झाले. पाण्याचा प्रयोग याच काळातला. समुद्राचे पाणी उकळून त्याची वाफ थंड करायची, ही कल्पना तेव्हाही जुनीच होती. पण त्यात काहीतरी घातल्याशिवाय पाणी पिण्याजोगे होत नाही, असा विद्वानांचा समज होता. कुणी खडू घाली, कुणी हाडांची राख, कुणी साबणाचे पाणी. यातले कोणते द्रव्य चांगले, ते लिंड यांना तपासायचे होते. तुलनेसाठी म्हणून आधी त्यांनी काहीही न घालता नुसते समुद्राचे पाणी उकळले. जमलेले पाणी शुद्ध, गोडे निघाले! सगळी द्रव्ये बिनकामाची ठरली. ‘सॅलिसबरी’वरची तुलनेची सवय इथे कामी आली, असे म्हणायला हरकत नाही. १७६२मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला.

जहाजावर ऊर्ध्वपातनाचे खास भांडे नसेल तर काय करायचे, याचेही उत्तर त्यांच्याकडे होते. स्वयंपाकाच्या भांड्यावर मूठ काढलेली चहाची किटली उपडी बसवायची, तिच्या तोटीला बंदुकीची नळी जोडायची आणि ती नळी थंड पाण्याच्या पिंपातून न्यायची. नळीच्या दुसऱ्या टोकाला गोडे पाणी ठिबकते. यातली प्रत्येक वस्तू कोणत्याही जहाजावर सापडे. खरी अडचण जळणाची होती, कारण पाण्याची वाफ करायला उष्णता फार लागते.

आज शिडाच्या नौकेवरून लांबचा प्रवास करणारे लोक जे हातपंपाचे यंत्र बरोबर नेतात, त्याला जळण लागत नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओचेच तत्त्व, पण दाब कितीतरी मोठा. समुद्राच्या पाण्यासाठी सुमारे ५५ बार. लहान पंप तासभर हलवला तर साधारण एक लिटर पाणी मिळते. यंत्र निवडताना तेवढा वेळ पंप मारायची ताकद थकलेल्या, उलट्या करणाऱ्या माणसात असेल का, हे आधी पाहावे. बंदरातले तेलकट पाणी त्यात घेऊ नये आणि क्लोरिनचे पाणीही नाही, त्याने आतला पडदा खराब होतो.

लिंड यांच्या पदरी श्रेय थोडेच पडले. १७७२मध्ये ब्रिटिश संसदेने चार्ल्स आयर्विंग या सर्जनला समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या पद्धतीबद्दल ५,००० पौंड दिले. वाफेची नळी ओल्या फडक्यांनी थंड ठेवणे ही आयर्विंगची सुधारणा होती. त्याचे यंत्र कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेले. १७९१मध्ये अमेरिकेत एका गृहस्थाने पाण्यात घालायचे गुप्त मिश्रण सरकारपुढे आणले, तेव्हा परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांनी ते तपासून निरुपयोगी ठरवले आणि आपल्या अहवालात लिंड यांच्या कामाची नोंद केली.

स्कर्व्हीतही लिंड अर्ध्या वाटेवर थांबले. रोगाचे मूळ त्यांना दमट हवेत आणि अडलेल्या घामात दिसत होते. रस टिकावा म्हणून त्यांनी तो आटवायला सांगितला आणि त्या उष्णतेत त्याचा गुणच बराचसा गेला. क जीवनसत्त्व कळायला अजून दीडशे वर्षांहून जास्त काळ जायचा होता.

१७८३मध्ये ते निवृत्त झाले आणि हासलरची जबाबदारी त्यांच्या मुलाकडे, जॉनकडे गेली. १७९४मध्ये लिंड वारले. पुढच्याच वर्षी आरमाराने खलाशांना लिंबाचा रस देण्याचा आदेश काढला. स्वयंपाकाबरोबर गोडे पाणीही देणाऱ्या चुली जहाजांवर उपयोगी प्रमाणात यायला एकोणिसावे शतक उजाडले.