तिजोरीचा हिशेब मागणारे बाबासाहेब

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरापासून अंधेरी, बोरिवली, मुलुंडपर्यंत आपण दर १४ एप्रिलला संविधानाच्या शिल्पकाराला वंदन करतो. अर्थतज्ज्ञ बाबासाहेब मात्र आपल्या व्याख्यानमालांत क्वचितच भेटतात.

१८९१ मध्ये महू येथे जन्मलेले भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे प्रा. सेलिग्मन यांच्याकडे त्यांनी सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांनी दाखवून दिले ते असे: १८३३ च्या कायद्याने महसूल केंद्राच्या हाती एकवटला. पैसा केंद्राने उभारायचा, खर्च प्रांतांनी करायचा. कर बसवण्याची जबाबदारीच नसल्याने प्रांतांना काटकसरीचे कारण उरले नाही आणि तिजोरी वारंवार तुटीत गेली. १८७१ पासून आधी ठरावीक रक्कम, मग काही महसूल, मग महसुलात वाटा, अशा टप्प्यांनी प्रांतांना अधिकार मिळाले.

१९२३ च्या रुपयावरील ग्रंथात त्यांनी चलनाच्या स्थैर्याचा आग्रह धरला, कारण रुपयाची किंमत घसरली की पहिला फटका गरिबाला बसतो. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी अन्याय नेमका दाखवला: ठरावीक मर्यादेखालील उत्पन्नाला प्राप्तिकर माफ, पण शेतसारा मात्र लहानातल्या लहान शेतकऱ्यालाही भरावा लागे.

पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानात कलम २८० आले. त्यानुसार नेमला जाणारा वित्त आयोग केंद्र आणि राज्यांतील कर-वाटणीची शिफारस करतो. पहिला आयोग १९५१ मध्ये नेमला गेला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, पण त्यांनी मांडलेला प्रश्न संपलेला नाही.

मुलुंडचा जकात नाका आठवा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली. मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा स्रोत बंद झाला आणि त्या जागी राज्याकडून भरपाई येऊ लागली. आपल्या वस्तीतला नळ, शौचालय, शाळा, दवाखाना यांचा खर्च पालिका करते. तो पैसा कोण उभारतो, कोण वाटतो आणि जाब कोणाला विचारायचा, हे आपल्याला माहीत हवे.

म्हणून यंदा जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम अभ्यासवर्गासाठी ठेवूया. पालिकेचा अर्थसंकल्प विहारात एकत्र बसून वाचूया, आपल्या वॉर्डाच्या वाट्याला किती आले ते शोधूया. हिशेब कळला तरच हक्क मागता येतो.

जय भीम!