फैजपूरमध्ये बांबूचं नगर उभारणारे नंदलाल बोस संविधानाच्या पानांपर्यंत कसे पोहोचले?

संविधानाच्या मूळ प्रतीची पानं तुम्ही फोटोत तरी पाहिली असतील. कुठे मोहेंजोदडोचा बैल, कुठे गुरू गोविंदसिंगांसोबत छत्रपती शिवाजी महाराज. ही चित्रं नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली. पण या माणसाचं महाराष्ट्राशी नातं त्याच्याही कितीतरी आधीचं आहे.

नंदलाल यांचा जन्म 3 डिसेंबर 1882 चा, बिहारमधल्या मुंगेर जिल्ह्यातल्या खरगपूरचा. शाळेच्या अभ्यासात त्यांचं मन कधी रमलं नाही. शेवटी कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ टागोर गुरू म्हणून भेटले आणि गाडी रुळावर आली.

1909 च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्या तुकडीबरोबर ते अजिंठ्याला आले. काम होतं लेण्यांमधल्या चित्रांच्या नकला करण्याचं. भिंतीवर काढलेलं, येणाऱ्या जाणाऱ्या सगळ्यांनी बघावं असं चित्र त्यांनी इथे जवळून पाहिलं. पुढे त्यांनी जे काही केलं त्यात अजिंठा दिसत राहतो.

रवींद्रनाथांनी त्यांना शांतिनिकेतनला बोलावलं. 1922 च्या सुमारास ते कलाभवनाचे प्रमुख झाले आणि 1951 पर्यंत तिथेच राहिले. मुलं त्यांना मास्टरमोशाय म्हणायची. मास्तर स्वतः शेजारी बसून चित्र काढायचे, मुलांना संथाळांच्या वस्तीत रेखाटनासाठी न्यायचे, अल्पना, शिवणकाम, नाटकाचे पडदे सगळं शिकवायचे. मोठी कला आणि हातकाम असा भेद त्यांना मान्यच नव्हता. रामकिंकर बैज, विनोदबिहारी मुखर्जी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे कलावंत या वर्गातून निघाले. सत्यजित रायही काही काळ इथे शिकले.

मग आलं 1936. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरणार होतं, आपल्या खानदेशातल्या फैजपूरला. सजावट नंदलाल यांनी करावी, असं गांधीजींना वाटत होतं. नंदलाल कचरले. आपण चित्रकार, इमारती उभारणं आपलं काम नाही, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो खराही होता. पण गांधीजींनी ऐकलं नाही.

नंदलाल यांनी बांबू, गवत, चटया असं आसपास मिळणारंच सामान वापरलं. शहरातून झुंबरं आणून खेड्याला दिपवायचं त्यांनी टाळलं. आलेल्या शेतकऱ्याला ते नगर परकं वाटू नये, याची ती काळजी होती. गांधीजींनी भाषणात त्यांचं कौतुक केलं.

पुढे 1938 च्या, गुजरातमधल्या हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी तर त्यांनी सहकारी आणि विद्यार्थ्यांना घेऊन सुमारे 400 फलक रंगवले. हाताने बनवलेला कागद, मातीचे रंग आणि विषय रोजचे. ढोलकी वाजवणारा, कुंभार, सुतार, पहिलवान, सूत कातणारी बाई. हे फलक बंद दालनात गेले नाहीत, ते लागले प्रवेशद्वारांवर आणि मंडपांवर. तिकीट काढून कलादालनात कधीच न गेलेल्या माणसाला तिथे स्वतःसारखाच माणूस चित्रात दिसत होता.

संविधानाचं काम आलं तेव्हा नंदलाल पासष्टी ओलांडून गेले होते. तेही त्यांनी एकट्याने केलं नाही. प्रस्तावनेचं पान सजवलं ते त्यांचे विद्यार्थी ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी, आणि त्या पानाच्या नक्षीत सहीही सिन्हांचीच आहे.

1954 मध्ये नंदलाल यांना पद्मविभूषण मिळालं. 16 एप्रिल 1966 ला ते गेले. हरिपुऱ्याचे त्यांचे बरेचसे फलक आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत.